पणजीची जुनी बराक आणि आझाद मैदानातला मंडप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पणजीत आलेले पाहुणे फोंतेन्हसच्या रंगीत घरांपुढे तासन्‌तास फोटो काढतात आणि आझाद मैदानाजवळून मात्र गाडीतूनच पुढे जातात. जे उतरतात, तेही बहुधा मैदानाकडे बघतात, मैदानाला धरून उभ्या असलेल्या इमारतीकडे नाही. जे थांबून दोन्ही बघतात, त्यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

नेमकी कुठली इमारत?

आझाद मैदानालगतची लांबलचक दुमजली इमारत. तिच्या एका भागात गोवा पोलिसांचे मुख्यालय आहे. मैदानाच्या पश्चिमेच्या बाजूला इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा ही संस्था आहे. सरकारी मध्यवर्ती ग्रंथालयही अनेक वर्षे इथेच होते. तीन वेगवेगळी दारे आणि तीन वेगवेगळे फलक दिसत असल्यामुळे ही एकच वास्तू आहे, हे पणजीत जन्म गेलेल्यांच्याही चटकन लक्षात येत नाही. मुळात ही लष्करी बराक. पोर्तुगीज काळात तिला ‘क्वार्तेल’ म्हणत आणि जुनी माणसे आजही तोच शब्द वापरतात.

ती कोणी आणि कधी बांधली?

१८३०च्या दशकात, दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रु याच्या कारकिर्दीत. हा १८२७ ते १८३५ या काळात इथला राज्यकर्ता होता. आजच्या पणजीचे सरळ रस्ते आणि चौकोनी ठोकळे जर कुणा एकाच्या नावावर टाकायचे असतील, तर ते याच्या.

त्याच्या आधीची पणजी म्हणजे मांडवीकाठचा आदिलशहाचा वाडा, टेकडीच्या उतारावरचे चर्च, थोडी वस्ती आणि बाकी दलदल, वाळूचे ढिगारे, माडाची बाटे. तिकडे जुने गोवे साथीच्या रोगांनी ओस पडत चालले होते. व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपला मुक्काम पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलवला, पण कागदोपत्री राजधानी जुन्या गोव्यातच राहिली. मधल्या काळात पोर्तुगालचा सर्वशक्तिमान मंत्री मार्केस द पोंबाल याने जुने गोवे पुन्हा वसवण्याचा घाट घातला होता, तोही फसला. दों मानुएलने वाळू सपाट केली, दलदलीत भर घातली, रस्ते आखले आणि त्या नव्या जमिनीवर सरकारी इमारती उठवायला सुरुवात केली. बराक हे त्यातले सर्वांत मोठे काम. राजधानी म्हणून पणजीवर अधिकृत शिक्का बसला तो १८४३ मध्ये आणि कागदावर तिचे नाव झाले ‘नोव्हा गोवा’. म्हणजे राजधानी जाहीर होण्याआधीच सैन्याची सोय झालेली होती.

शहराच्या ऐन मध्यात सैन्य कशाला?

त्या काळचे राजकारण पाहिले की उत्तर मिळते. पोर्तुगालमध्ये निरंकुश राजेशाहीचे समर्थक आणि उदारमतवादी यांच्यात यादवी चालली होती आणि तिचे पडसाद इथेही उमटत होते. नेवऱ्याचे डॉक्टर बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा हे १८३५च्या जानेवारीत गोव्याच्या सर्वोच्च पदावर आले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले गोवेकर. तीन आठवडेही झाले नाहीत तोच सैन्याने उठाव करून त्यांना हटवले. त्याच वर्षी मे महिन्यात मिरामारजवळच्या गाश्पार दियश किल्ल्यात त्यांच्या बाजूच्या शिपायांची कत्तल झाली.

अशा वातावरणात सैन्य आपल्या डोळ्यांसमोर असावे, असे राज्यकर्त्याला वाटले तर नवल नाही. तिथूनच सैन्य आपल्या डोक्यावर बसेल, हा धोकाही त्यात होताच.

हिला नवअभिजात (निओक्लासिकल) शैलीची का म्हणायचे? साधी सरकारी इमारत तर दिसते!

साधी दिसते, हेच तिचे वैशिष्ट्य.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून युरोप बारोक शैलीच्या अतिसजावटीला कंटाळला होता. सोन्याचा मुलामा, पिळदार खांब, ढगांवर बसलेले देवदूत हे सगळे बाजूला सारून वास्तुकार पुन्हा ग्रीक आणि रोमन बांधणीकडे वळले. सरळ रेषा, प्रमाणशीर मांडणी, मध्यापासून दोन्ही बाजू सारख्या, सजावट बेताची. जुन्या गोव्यातल्या बों जेझू बासिलिकेच्या आतली सोनेरी वेदी पाहून तासाभरात इथे आलात, तर दोन युगांतला हा फरक कुणी न सांगताही कळतो.

पोर्तुगालमध्ये या बदलाला आणखी एक कारण होते. १७५५च्या भूकंपाने लिस्बन उद्ध्वस्त झाले. पोंबालने ते पुन्हा उभारायचे काम मुख्यतः लष्करी अभियंत्यांकडे दिले. मानुएल द माया, एउजेनियु दुश सांतुश, कार्लुश मार्देल ही त्यांतली ठळक नावे. घाई होती, पैसा मोजका होता आणि भूकंपाची भीती होती. त्यांनी एकसारखी दर्शनी भिंत, एकाच मापाच्या खिडक्या, काटकोनात रस्ते असा साचाच बसवून टाकला. काटेकोर, थोडा रुक्ष, पण पटकन बांधता येणारा.

पणजीची बराक याच घराण्यातली. इथे नजर खिळवून ठेवणारी एखादी मूर्ती किंवा नक्षी शोधू नका. एका ठरावीक अंतराने येणाऱ्या खिडक्यांची ओळ, सपाट भिंत आणि वर उतरते कौलारू छप्पर एवढेच आहे. मैदानाच्या एका कोपऱ्यात उभे राहून खिडक्यांच्या ओळीवरून नजर सावकाश पुढे न्या. कवायतीला उभ्या पलटणीसारखी ती ओळ वाटेल. ज्यांनी बांधली त्यांच्या मनातही ते असावे, असे मला नेहमी वाटते.

एक मात्र मान्य करायला हवे. नवअभिजात शैलीचा उत्तम नमुना म्हणून कुणी परदेशी अभ्यासक हिच्याकडे बोट दाखवणार नाही. हिचे मोल शहर म्हणून पाहिले तर कळते. मैदान, इमारत आणि रस्ते हे एकाच डोक्यातून, एका रेघेत निघालेले आहेत आणि अशी जागा गोव्यात दुसरीकडे क्वचितच सापडते.

मुंबईच्या एशियाटिकला कसे भव्य खांब आहेत! इथे का नाहीत?

हा प्रश्न मुंबई-पुण्याकडचे लोक हमखास विचारतात आणि तुलना चांगलीच आहे. मुंबईचा टाऊन हॉल, म्हणजेच एशियाटिक सोसायटीची इमारत, १८३३ मध्ये पूर्ण झाली. पणजीची बराक त्याच दशकातली. टाऊन हॉलचा आराखडा कर्नल थॉमस कूपर या लष्करी अभियंत्याचा. म्हणजे काळ एक, शैलीचे नाव एक, आणि दोन्हीकडे सैन्याचा हात.

फरक हेतूचा आणि खिशाचा. मुंबईकरांना सभा, समारंभ आणि ग्रंथालय यांसाठी मिरवायची वास्तू हवी होती. डोरिक खांब थेट इंग्लंडहून आणवण्याइतका पैसाही त्यांच्याकडे होता. पोर्तुगालची तिजोरी तेव्हा रिकामी होती. ब्राझील १८२२ मध्ये हातचे गेले होते आणि घरातच यादवी पेटली होती. गोव्याला शिपायांना राहायला छप्पर हवे होते. मुंबईने ग्रीक देवळाचा दर्शनी भाग उचलला, पणजीने रोमन छावणीची शिस्त.

बांधकाम कशाचे आहे?

चिऱ्यांचे, म्हणजे जांभा दगडाचे. गोव्यात जुने बांधकाम म्हटले की बहुतेक वेळा हेच उत्तर असते. जांभा खाणीत असताना मऊ असतो, हत्याराने सहज ठोकळे निघतात, आणि हवा लागली की टणक होतो. दोष असा की तो सच्छिद्र आहे. पाणी पितो आणि त्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा चढवतात. किनारपट्टीवर हा चुना शिंपल्या भाजून करत. कंगोरे, पट्ट्या, खिडक्यांच्या चौकटी हे जे काही नक्षीकाम दिसते, ते अशा इमारतींत सहसा गिलाव्यात काढलेले असते.

इथे शैली आणि माती यांची गाठ पडते. ग्रीक धाटणीची पाने-फुले चिऱ्यात उतरत नाहीत, पण सपाट भिंत आणि सरळ पट्टी छान उतरते. नवअभिजात शैलीचा साधा, लष्करी अवतार गोव्यात रुजला, त्यात दगडाचाही वाटा आहे.

बाकी काम पावसाचे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलायचा तर सपाट गच्ची चालत नाही. छप्पर उतरतेच लागते. गिलावा सिमेंटने दुरुस्त केला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि भिंत आतून कुजते. जुन्या इमारतींच्या डागडुजीत ही चूक गोवाभर झालेली दिसते. कंत्राटदाराला चुना मळायला वेळ नसतो आणि बिल सिमेंटचेच सोपे पडते.

मैदानातल्या मंडपाचे खांब फारच सुंदर आहेत. ते कुठले?

हा या जागेवरचा सर्वांत चांगला प्रश्न, आणि तो विचारणारा पाहुणा मला आवडतो.

मैदानात कॉरिंथियन खांबांवर उभा असलेला छोटा मंडप १८४७चा. कॉरिंथियन म्हणजे ज्याच्या माथ्यावर दगडी पानांची दाट जुडी असते तो खांब. डोरिक सर्वांत साधा, आयोनिकच्या माथ्याला शंखासारखी वेटोळी, आणि कॉरिंथियन सर्वांत नटलेला. पण या मंडपाचे खांब १८४७ मध्ये घडवलेले नाहीत. ते जुन्या गोव्यातल्या डोमिनिकन संघाच्या सोळाव्या शतकातल्या चर्चच्या अवशेषांतून आणलेले.

त्याची हकिगत अशी. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी सत्तेवर आले आणि त्यांनी १८३४ मध्ये धार्मिक संघ बरखास्त केले. गोव्यात त्याची अंमलबजावणी १८३५ मध्ये झाली. डोमिनिकन, आगुस्तिनियन, फ्रान्सिस्कन यांचे मठ रिकामे झाले आणि मालमत्ता सरकारजमा झाली. ज्या मठांकडे बघायला कुणी उरले नाही, ते पडत गेले किंवा पाडले गेले. सांत आगुस्तिनचा एकटा उरलेला मनोरा त्याच कहाणीचा साक्षीदार. इकडे पणजीत नवे शहर उभे राहत होते आणि तिकडे घडीव दगड आयता पडलेला होता. जुने गोवे नव्या राजधानीची खाण बनले.

म्हणून या मंडपात एक गमतीशीर उलटसुलट झाली आहे. नवअभिजात शैलीचे लोक ग्रीक-रोमन काळापर्यंत मागे जाऊन अभिजाताची नक्कल करत. इथे नक्कल करावीच लागली नाही. अभिजाताच्या पहिल्या पुनरुज्जीवनाच्या काळातले, म्हणजे रेनेसाँमधले खरे खांब बैलगाडी किंवा होडीच्या अंतरावर होते. चर्चमध्ये वेदीकडे बघत उभे असलेले खांब मैदानात येऊन एका सेनापतीच्या पुतळ्याभोवती उभे राहिले.

कुणाचा पुतळा? आता कुठे आहे?

आफोन्सो द आल्बुकेर्कचा, ज्याने १५१० मध्ये गोवा जिंकला. मैदानालाही त्याचेच नाव होते. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाल्यावर पुतळा हलवला गेला आणि मैदान ‘आझाद’ झाले. आता त्या मंडपात त्रिस्तांव द ब्रागांझा (टी. बी.) कुन्हा यांचे स्मारक आहे. त्यांनी १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. १९४६च्या चळवळीत त्यांना पकडून लष्करी न्यायालयापुढे उभे केले आणि पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात डांबले. कैदेतून सुटल्यावर ते पोर्तुगालमधून निसटले आणि १९५८ मध्ये मुंबईत वारले. त्यांचे अवशेष १९८६ मध्ये इथे आणले.

डोमिनिकन चर्चचे खांब, आल्बुकेर्कसाठी बांधलेला मंडप आणि आत टी. बी. कुन्हा. एवढा इतिहास एवढ्या कमी चौरस फुटांत गोव्यात तरी दुसरीकडे नसेल.

बराकीत ग्रंथालय कसे आले?

दों मानुएलच्याच काळात, १८३२ मध्ये, लष्करी अकादमीला जोडून सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले. भारतातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. सुरुवातीचा वाचकवर्ग अर्थातच अधिकारी आणि त्यांचे विद्यार्थी. मग मठ बंद झाले आणि तिथल्या पोथ्या-ग्रंथांचा मोठा साठा सरकारकडे आला. दगड मैदानात गेला, पुस्तके ग्रंथालयात.

१८७१ हे वर्ष मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. वळवईच्या शिपायांनी बंड केले आणि पोर्तुगीज सरकारने गोव्याचे सैन्यच बरखास्त केले. गणित आणि लष्करी शिक्षणाची शाळाही त्याच वर्षी बंद पडली. आणि त्याच वर्षी तोमास रिबेरू या कवीने, जो इथे सरकारचा मुख्य सचिव होता, ‘इन्स्तितुतु व्हास्को द गामा’ ही साहित्य-विज्ञानाची संस्था स्थापन केली. ती काही वर्षांतच थंडावली. १९२४ मध्ये, व्हास्को द गामाच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली त्या निमित्ताने, तिचे पुनरुज्जीवन झाले आणि १९२६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. तीच आजची इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा. नाव बदलले १९६३ मध्ये.

बराकीत हे सगळे सहज सामावले, त्याचे श्रेय मी आराखड्याला देतो. एकसारख्या खिडक्या, एकसारखे दालन, पुन्हा तेच. त्यात खाटा लावा, फायली लावा, कपाटे लावा. खास वेदीसाठी किंवा दरबारासाठी बांधलेल्या वास्तूला हे जमत नाही.

मिनेझिस ब्रागांझा कोण?

लुईश द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८), चांदरचे पत्रकार. ‘ओ हेराल्दो’ या गोव्यातल्या पहिल्या दैनिकाच्या १९००च्या आरंभापासून ते त्यात होते. पुढे ‘ओ देबाते’ आणि ‘प्रकाश’ काढले. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारच्या वसाहतविषयक कायद्याविरुद्ध त्यांनी १९३० मध्ये विधानमंडळात ठराव मांडून गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा हक्क सांगितला. त्या काळात ते सोपे नव्हते.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मिनेझिस ब्रागांझांची पत्नी ही टी. बी. कुन्हांची बहीण. म्हणजे चांदरचे हे दोघे मेहुणे आज पणजीत समोरासमोर आहेत, एक इमारतीवर, दुसरा मंडपात.

इन्स्टिट्यूटच्या दारातल्या निळ्या फरशा कसल्या?

त्यांना अझुलेजो म्हणतात. झिलईच्या फरशांवर रंगवून भट्टीत भाजलेली चित्रे. ही कामगिरी जोर्ज कोलासो (१८६८–१९४२) या नामांकित कलावंताची, १९३५ची. पोर्तु शहरातल्या साव बेन्तु रेल्वे स्थानकातल्या सुमारे वीस हजार फरशा त्याच्याच. इथली दृश्ये पोर्तुगीज कवी कामोंइशच्या ‘उश लुझियादश’ या १५७२च्या महाकाव्यातली आहेत. विषय व्हास्को द गामाची भारतयात्रा. कामोंइश स्वतः १५५३ मध्ये गोव्याला आला होता.

स्पष्ट सांगायचे तर ही साम्राज्याची जाहिरात आहे. १९३५ मध्ये सालाझारच्या राजवटीला अशी चित्रे हवीच होती. पण हातातले कसब पाहा. घोड्यांचे स्नायू, वस्त्रांच्या चुण्या, शिडांतला वारा सगळे एकाच निळ्याच्या छटांत उभे केले आहे. आशय पटला नाही तरी चित्र बघता येते. बाहेरची भिंत नवअभिजात आणि आतली सजावट शंभर वर्षांनंतरच्या राष्ट्रवादाची, हा विसंवाद दारातच भेटतो.

ग्रंथालय आता इथे आहे का?

नाही. ते पणजीतल्याच पाटो भागातल्या नव्या इमारतीत गेले. त्याला आता कृष्णदास शामा यांचे नाव आहे. केळशीच्या या कवीने १५२६ मध्ये मराठी ओवीबद्ध कृष्णचरित्र लिहायला घेतले होते. त्याचे हस्तलिखित पोर्तुगालच्या ब्रागा शहरातल्या ग्रंथालयात आहे. जुनी गोमंतकीय वृत्तपत्रे चाळायची असतील तर पाटोलाच जा. बराकीत जाऊन विचारू नका, तिथल्या पोलिसाला हा प्रश्न पाठ झाला आहे.

मांडवीकाठचे जुने सचिवालयही नवअभिजातच ना?

नाही. तो मूळ आदिलशाही वाडा, नंतर अनेकदा बदललेला. त्याच्या शेजारचा, संमोहनविद्येचा गोमंतकीय अभ्यासक आबे फारियाचा पुतळा मात्र जरूर पाहा. तो रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये घडवला. दों मानुएलच्या काळातली आणखी एक इमारत हवी असेल, तर मुख्य टपाल कार्यालयाजवळची जुनी टाकसाळ बघा.

वसाहतकाराची बराक आपण का जपायची?

हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी रागानेच विचारतो, आणि राग समजण्यासारखा आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांनी याच भागात लाठ्या खाल्ल्या, त्यांना ही भिंत सुंदर वाटावी अशी अपेक्षा मी करणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की चिरे इथले, चुना इथला, हात इथले गवंड्यांचे. आणि मुक्तीनंतरच्या साठ वर्षांत मैदानावर जेवढे मोर्चे, उपोषणे, भाषावाद आणि निवडणुकांच्या सभा झाल्या, त्या सगळ्यांच्या मागे हीच भिंत होती. आता ती आपल्याही इतिहासाची आहे. भिंत पाडली तर आल्बुकेर्कचे काही बिघडत नाही, आपल्याच शहराचा एकुलता एक आखीव चौक मोडतो.

खरा धोका हातोड्याचा नाहीच. धोका आहे तो मनात येईल तिथे बसवलेल्या एसीच्या पेट्यांचा, भिंतीवरून ओढलेल्या केबलींचा आणि एकाच इमारतीच्या तीन कार्यालयांनी तीन वेगळ्या वेळी लावलेल्या तीन वेगळ्या रंगांचा. एकसारखेपणावर उभ्या असलेल्या वास्तूला याहून वाईट काय असेल?

बघायला कधी आणि कसे जावे?

सकाळी लवकर. उन्हे तिरपी असतात आणि गाड्या कमी. आधी मैदानाच्या मध्यावरून इमारतीची लांबी पाहा, मग मंडपातल्या खांबांच्या माथ्याची पाने जवळून पाहा, शेवटी इन्स्टिट्यूटच्या दारातल्या फरशा. संस्था सरकारी कामकाजाच्या वेळेतच उघडी असते, त्यामुळे शनिवार-रविवार टाळा. पोलीस मुख्यालयाच्या भागात कॅमेरा काढण्याआधी विचारून घ्या. सगळे मिळून तासभर पुरतो. गाडी मैदानाभोवती लावायला जागा मिळणार नाही, ती मांडवीकडच्या रस्त्यावर ठेवून चालत या.